चकवा ओळखण्याची विद्या : भयाचे खेळ, निरीक्षण आणि सम्यक स्मृती

प्रास्ताविक

स्मरणिकेत धम्म, इतिहास, समाज आणि शिक्षण यांवरील लेख वाचण्याची आपणा सर्वांस सवय आहे. व्हिडिओ गेम हा विषय त्यांच्या पंक्तीत पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर आज मोबाईल पोहोचला आहे. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत निवासी शाळांतील मुले घरी जातात, थोरल्या भावाचा किंवा मामाचा मोबाईल हाती घेतात आणि परतल्यावर रात्री दिवे मालवल्यानंतर एकमेकांस भयकथा सांगतात. या कथांत पूर्वी हडळ, मुंजा आणि खवीस असत. आता त्यांच्या जोडीला व्हिडिओ गेममधील निर्मनुष्य बोळ आणि बदलत्या खोल्याही आल्या आहेत. मुलांच्या मनात जे शिरते त्याचा अभ्यास करणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.

भयपटांप्रमाणे भयाच्या खेळांचेही अनेक प्रकार आहेत. त्यांतील पुष्कळ खेळांत रक्त, शस्त्रे आणि पाठलाग असतो. त्यांचा विचार येथे केलेला नाही. आमचा विषय आहे तो मानसिक भयाच्या खेळांचा, आणि त्यांतही अशा खेळांचा, ज्यांत सभोवतालच्या जागेत झालेला लहानसा बदल ओळखणे हेच खेळाडूचे काम असते. या खेळांत निरीक्षणाचा एक महत्त्वाचा नियम दडलेला आहे. तो नियम धम्मात अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितला गेला आहे, आणि आपल्या रानात, आपल्या घरांत तो पाळला न गेल्यामुळे आजही माणसे प्राण गमावतात. हे तीन धागे एकत्र आणून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१. खेळाचे स्वरूप

१२ ऑगस्ट २०१४ रोजी ‘पी. टी.’ नावाचा एक छोटासा खेळ प्लेस्टेशन ४ या यंत्रावर विनामूल्य उपलब्ध झाला. त्याचे कर्ते होते जपानचे हिदेओ कोजिमा; चित्रपट दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांचाही त्यात सहभाग होता. या खेळात खेळाडू एका घराच्या काटकोनात वळणाऱ्या बोळातून चालतो. टोकाचे दार उघडले की तो पुन्हा त्याच बोळाच्या आरंभी येऊन पोहोचतो. भिंती त्याच, फोटो तेच, घड्याळात वेळही तीच, २३:५९. मात्र प्रत्येक फेऱ्यात काहीतरी बदललेले असते. पुढच्याच वर्षी हा खेळ मागे घेण्यात आला, तरी त्याच्या रचनेचा प्रभाव पुढील अनेक खेळांवर राहिला.

२०१६ साली पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘लेयर्स ऑफ फिअर’ या खेळात एका चित्रकाराचा वाडा आहे. खेळाडूने पाठ फिरवली की खोली बदलते. ज्या दारातून तो आला ते दार मागे वळून पाहता जागेवर नसते. २०१८ च्या ‘आय एम ऑन ऑब्झर्व्हेशन ड्यूटी’ या खेळात खेळाडू रात्रीचा पहारेकरी असतो. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत त्याने घरातील खोल्या कॅमेऱ्यांतून पाहावयाच्या. एखादी खुर्ची सरकली, एखादे चित्र बदलले, एखादी वस्तू वाढली की त्याची नोंद करावयाची. नोंदी राहून गेल्या की खेळ संपतो.

या परंपरेतील सर्वांत साधा, आणि आमच्या विषयासाठी सर्वांत उपयुक्त खेळ म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानमधून आलेला ‘द एक्झिट एट’. त्यावर २०२५ साली जपानमध्ये चित्रपटही निघाला. या खेळात भुयारी रेल्वेस्थानकातील एक पांढरा, स्वच्छ, प्रकाशमान मार्ग आहे. भिंतीवर जाहिराती, दुसऱ्या बाजूला काही दारे, छताला दिवे आणि समोरून चालत येणारा एक माणूस, एवढेच दृश्य. नियम असा की, मार्गात काही बदल दिसला तर मागे फिरावे आणि बदल नसेल तर पुढे जावे. अचूक निर्णय घेतला की फलकावरील अंक शून्यापासून आठाकडे एकेक पाऊल सरकतो. आठव्या दाराशी पोहोचले की सुटका. निर्णय चुकला की पुन्हा शून्य.

हे बदल कधी ठळक असतात, जसे सर्व दिवे एकदम मालवणे. परंतु बहुतेक वेळा ते बारीक असतात. जाहिरातीतील डोळे पाहणाऱ्याच्या दिशेने वळतात, दाराची मूठ भलत्याच ठिकाणी असते, चालत येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर नको ते हसू असते.

येथे वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. या खेळात हरण्याचे मार्ग दोन आहेत. बदल असूनही दिसला नाही तर खेळाडू हरतो. बदल नसताना भीतीने तो दिसल्यासारखा वाटला आणि खेळाडू मागे फिरला, तरीही तो हरतो. आहे ते न दिसणे आणि नाही ते दिसणे, या दोन्ही चुकांना येथे शिक्षा सारखीच आहे. हाच तो निरीक्षणाचा नियम. पुढील सर्व विवेचन याच दोन चुकांभोवती फिरणार आहे.

२. डोळा का फसतो

आपणांस असे वाटते की डोळे उघडे असले म्हणजे समोरचे सर्व दिसते. मानसशास्त्राने हा समज खोटा ठरविला आहे. १९९७ साली रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एकाच दृश्याची दोन चित्रे आळीपाळीने दाखविली. दोहोंत एक मोठा फरक होता, पण दोन चित्रांच्या मध्ये क्षणभर कोरा पडदा येत असे. तेवढ्या कोऱ्या क्षणामुळे माणसांना तो फरक शोधण्यास बराच वेळ लागला. १९९८ च्या दुसऱ्या प्रयोगात रस्ता विचारणारा एक माणूस बोलत असतानाच दोघांच्या मधून एक दार वाहून नेले गेले आणि त्या आडोशाने रस्ता विचारणारा माणूसच बदलला. रस्ता सांगणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हे लक्षात आले नाही. १९९९ साली सायमन्स आणि शाब्री यांनी चेंडू किती वेळा फेकला गेला हे मोजण्यास सांगून एक चित्रफीत दाखविली. गोरिलाचा पोशाख केलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत गेली, तरी सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसली नाही.

यावरून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की लक्ष जेथे असते तेवढेच आपण खऱ्या अर्थाने पाहतो. उरलेले चित्र मन आपल्या अंदाजाने भरून काढते. दुसरी ही की नजर क्षणभर हटली की बदल निसटतो, आणि खेळकर्ते नेमका तोच क्षण साधतात. दार, वळण, अंधार हे त्यांचे कोरे पडदे होत. तिसरी गोष्ट अशी की अगदी सावकाश होणारा बदल सर्वांत अवघड. जो दिवा एकदम विझतो तो कळतो, जो महिनाभर मंद होत जातो तो कळत नाही.

भय वाढले की यात आणखी भर पडते. घाबरलेले मन धोक्याच्या शोधात असते, म्हणून पहिल्या चुकीबरोबर दुसरी चूकही वाढते. खुंटीवरचा सदरा माणूस दिसू लागतो. १९९९ साली आलेल्या ‘सायलेंट हिल’ या प्रसिद्ध खेळात सारे गाव धुक्याने भरलेले आहे. त्या काळच्या यंत्राला दूरचे दृश्य रेखाटण्याची ताकद नव्हती, ती उणीव धुक्याने झाकली गेली. खेळाडूंना मात्र तेच धुके सर्वांत भयाण वाटले, कारण न दिसणारा भाग प्रत्येकाने आपल्याच भीतीने भरला.

३. बदल ओळखण्याची रीत

या खेळांत जे खेळाडू यशस्वी होतात त्यांची रीत पाहिली तर ती इतिहास-संशोधकाच्या किंवा वैद्याच्या रीतीहून फार वेगळी नाही. तिचे टप्पे असे सांगता येतील.

पहिला टप्पा मूळ स्थिती पक्की करण्याचा. ‘एक्झिट एट’मध्ये आरंभीच्या फेरीत मार्ग जसा आहे तसा दिसतो. जो खेळाडू घाईने तो ओलांडतो त्यास पुढे तुलना करण्यासाठी काहीच उरत नाही. दुसरा टप्पा क्रमाचा. डाव्या भिंतीपासून उजवीकडे, मग छत, मग जमीन, मग माणसे, असा ठरलेला क्रम असावा. भिरभिरती नजर काही सांगत नाही. तिसरा टप्पा मोजण्याचा. दारे किती, दिवे किती, चित्रे किती. चौथा टप्पा नाव देण्याचा. ‘काहीतरी विचित्र आहे’ हे निरीक्षण नव्हे. ‘तिसऱ्या दाराची मूठ मध्यभागी आहे’ हे निरीक्षण. पाचवा टप्पा स्वतःकडे पाहण्याचा. मला बदल दिसला की केवळ भीती वाटली, हे वेगळे करता आले पाहिजे.

बदलांत सर्वांत कठीण असतो तो नाहीसे होण्याचा. वाढलेली वस्तू डोळ्यात भरते, नसलेली वस्तू आठवावी लागते. याचे उत्तम उदाहरण आपल्याच परिसरात आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे येथून नाणेघाट चढून गेल्यावर माथ्याशी सातवाहनकालीन लेणे लागते. राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आणि त्यातील प्राचीन अंक यांमुळे ते जगभरच्या अभ्यासकांना परिचित आहे. सहलीला आलेले बहुतेक लोक वारा, दरी आणि दगडी रांजण पाहून परततात. परंतु लेण्याच्या भिंतीवर नीट पाहिले तर वरच्या बाजूस राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका, राजा सातकर्णी, कुमार भाय अशी नावे कोरलेली आढळतात, आणि नावांखाली मूर्ती नाहीत. पायांच्या काही खुणा तेवढ्या उरल्या आहेत. नावे आहेत, पण माणसे नाहीत. तेथे कोणाच्या प्रतिमा होत्या, हे त्या रिकाम्या जागेवरूनच कळते. ज्याला रिकामी जागा दिसते त्यालाच इतिहास वाचता येतो, हे आम्ही विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ज्या समाजाची नावे आणि खुणा दीर्घकाळ पुसल्या गेल्या, त्या आपल्या समाजास तर ही दृष्टी अत्यंत आवश्यक आहे.

४. आपल्या रानातला चकवा

एकाच बोळात पुन्हा पुन्हा येऊन पडणे ही कल्पना आपल्या वडीलधाऱ्यांना मुळीच नवी नाही. तिला आपल्याकडे ‘चकवा लागणे’ असे म्हणतात. रात्री रानातून चालणारा माणूस बराच वेळ चालून पुन्हा त्याच झाडाशी, त्याच ओढ्याशी येतो. वाट ओळखीची असूनही सापडत नाही. चकवा नावाचे भूत वाटसरूला फिरवत ठेवते, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. माहुलीच्या पायथ्याच्या किंवा माळशेजकडच्या गावांत श्रावणातील धुक्याच्या दिवसांत हा अनुभव कसा येत असेल याची कल्पना कोणासही करता येईल.

हा अनुभव खोटा नाही. खोटे आहे ते त्याचे कारण. २००९ साली जर्मनीतील संशोधक यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांना अनोळखी जंगलात आणि वाळवंटात सरळ रेषेत चालण्यास सांगितले आणि त्यांचा मार्ग उपग्रहाच्या साहाय्याने नोंदविला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसे बरीचशी सरळ चालली. आकाश ढगांनी झाकले तेव्हा जंगलात चालणारे गोल फिरू लागले आणि आपण स्वतःच्याच वाटेवर परत आलो आहोत हे त्यांना कळलेही नाही. डोळे बांधून चालणाऱ्यांपैकी काहींचे वर्तुळ तर वीस मीटर व्यासाइतके लहान होते. दूरची खूण नसली म्हणजे सरळ कोणते याविषयीचा शरीराचा अंदाज थोडा थोडा चुकत जातो, आणि त्या चुका साठून वर्तुळ तयार होते. चकव्याला भूत लागत नाही. ढगाळ रात्र पुरते.

आपल्या जुन्या माणसांचा एक उपाय येथे नोंदविण्यासारखा आहे. चकवा लागला की धावू नये, जागच्या जागी बसावे, उजाडले की वाट दिसते, असे ते सांगत. कारण चुकीचे मानले तरी उपाय अनुभवातून आलेला होता आणि तो योग्यच होता. म्हणून लोकसमजुतींकडे पाहताना आम्ही तुच्छतेने पाहू नये. त्यांतील निरीक्षण ठेवावे आणि भूत वगळावे.

५. भयभेरव सुत्त

मज्झिम निकायातील चौथ्या सुत्ताचे नाव ‘भयभेरव’ असे आहे. भय आणि भयाण वस्तू हाच त्याचा विषय. जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवान बुद्धांस म्हणतो की अरण्यातील एकांतवास कठीण असतो, मन तेथे सैरभैर होते. तथागत त्याचे म्हणणे नाकारत नाहीत. संबोधीपूर्वी आपल्यालाही तसेच वाटत असे, असे ते सांगतात.

त्यानंतर ते आपला प्रयोग सांगतात. लोक ज्या जागांना भीत, त्या उद्यानांतील, वनांतील आणि वृक्षांखालील चैत्यस्थानी ते पंधरवड्यातील अष्टमी, चतुर्दशी अशा विशेष रात्री मुद्दाम जाऊन राहिले. रात्री एखादे जनावर जवळून जाई, मोर एखादी काटकी पाडी, वारा पानांत सळसळे. मनात येई, हेच ते भय आले काय? तेव्हा त्यांनी निश्चय केला की ज्या स्थितीत भय येईल त्याच स्थितीत राहून त्याला पुरते ओळखावयाचे. चालताना आले तर चालतच, बसलेले असताना आले तर बसूनच. पळून जाऊन किंवा मंत्र म्हणून त्यांनी सुटका करून घेतली नाही.

या वर्णनात आवाजांची कारणे किती साधी आहेत पाहा. जनावर, मोर, वारा. भय येते ते आवाजाला नाव देण्यापूर्वी. नाव दिले की मोर उरतो. त्याच सुत्तात पुढे तथागत म्हणतात की काही लोक रात्र असताना दिवस समजतात आणि दिवस असताना रात्र समजतात, हा त्यांचा संमोह होय. आपण मात्र रात्रीला रात्र आणि दिवसाला दिवस म्हणून जाणतो. वर सांगितलेल्या दोन्ही चुकांचा निषेध याहून थोडक्यात करता येणार नाही. आहे ते आहे म्हणून आणि नाही ते नाही म्हणून जाणणे, यासच सम्यक स्मृतीचा पाया म्हणावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाच्या आचरणाची प्रतिज्ञा आहे. सम्यक स्मृती हे त्या मार्गाचे सातवे अंग. तेव्हा जागरूकपणे पाहणे हा आपल्यासाठी केवळ छंद किंवा खेळातील कौशल्य नव्हे, ती घेतलेली प्रतिज्ञा आहे.

६. खेळ आणि जीवन यांतील भेद

खेळातील बदल कोणीतरी घाबरविण्यासाठी पेरलेला असतो. त्याला कारण विचारण्याची सोय नसते; मागे फिरणे एवढेच हाती असते. जीवनातील बदल सकारण असतो. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त हेच सांगतो की हे असले म्हणजे ते होते. म्हणून जीवनात बदल दिसल्यावर मागे न फिरता कारण विचारावे आणि कृती करावी.

मात्र जीवनातही कधी कधी भय पेरणारे असतात. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेब आणि परिषदेस आलेले लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर, हे लोक आता वीरेश्वर मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात पसरविण्यात आली आणि परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. जे घडत नव्हते ते घडते आहे असे दाखवून केवढा अनर्थ करता येतो, याचे हे उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. आज हेच काम मोबाईलवरून फिरणारा एखादा संदेशही करू शकतो.

आता पहिल्या चुकीकडे, म्हणजे आहे ते न दिसण्याकडे वळू. शहापूर-मुरबाडच्या पालकांनी पुढील मजकूर कृपया दोनदा वाचावा.

पावसाळ्यात आपल्याकडे विषारी सापांचा धोका वाढतो. नाग आणि घोणस यांचा दंश बहुधा कळतो. वेदना होते, सूज येते. मण्यार मात्र रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसास झोपेतच चावते. तिच्या दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही, वेदना आणि सूजही फारशी नसते. पहाटे मूल पोटात दुखते म्हणून उठते. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अस्पष्ट होते, गिळता येत नाही, आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. ज्या घरात मिटणाऱ्या पापण्या कोणी पाहिल्या नाहीत, किंवा पाहूनही ‘बाहेरची बाधा’ मानून भगताला बोलावले, त्या घरात दोन्ही चुका एकाच वेळी घडल्या. असलेले विष दिसले नाही आणि नसलेले भूत दिसले.

अशा वेळी दंश झालेल्या माणसास धीर द्यावा, चालवू नये, अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर किंवा मिळेल त्या वाहनाने तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. प्रतिसर्पविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास हाच उपचार आहे. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली खोचणे एवढ्यानेही धोका पुष्कळ कमी होतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. ही तरतूद प्रत्येक पालकास ठाऊक असली पाहिजे.

निरीक्षणाने काय साधते याचेही उदाहरण आपल्या कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडी येथील आरोग्य केंद्रात काम करू लागले तेव्हा विंचूदंशाने माणसे दगावत आणि कारण नीट ठाऊक नव्हते. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. घाम, हातापायांचा गारवा, नाडी, श्वास यांतील बदल त्यांनी नोंदविले आणि मृत्यू हृदय व फुप्फुस निकामी झाल्याने होतो हे ओळखले. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत खाली आणता आले. ज्या वेदनेवर पिढ्यान्‌पिढ्या मंत्र घातले जात होते, ती नीट पाहिल्याने आटोक्यात आली.

७. वर्गासाठी आणि घरासाठी पाठ

पुढील पाठास मोबाईलची गरज नाही.

पहिला पाठ, बाकावरचा खेळ. बाकावर दहा वस्तू मांडाव्यात. मुलांनी अर्धा मिनिट पाहावे. नंतर कापड टाकून कधी एक वस्तू काढावी, कधी जागा बदलावी, आणि कधी काहीच करू नये. जो बदल चुकवील त्याचा एक गुण जावा. जो नसलेला बदल सांगेल त्याचाही एक गुण जावा. ‘बदल नाही’ असे ठामपणे म्हणता येणे हे या खेळातील खरे शिक्षण आहे.

दुसरा पाठ, वाटेचा. रोजच्या वाटेवरील सात खुणा प्रत्येकाने ठरवाव्यात. विहिरीतील पाण्याची पायरी, ओढ्याचा प्रवाह, एखादे ऐनाचे झाड, विजेचा खांब. दर आठवड्यास त्यांची स्थिती वहीत लिहावी. सावकाश होणारा बदल डोळ्यास कळत नाही, वहीस कळतो. तानसा आणि भातसा जलाशयांचे पाणी मुंबईस जाते आणि याच भागातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. विहीर कोणत्या आठवड्यात किती उतरली याची मुलांच्या हातची नोंद ग्रामसभेत ठेवता आली, तर तो निरीक्षणाचा नागरिक म्हणून केलेला उपयोग ठरेल.

तिसरा पाठ, आवाजाचा. सायंकाळी वंदनेनंतर पाच मिनिटे शांत बसावे. ऐकू आलेला प्रत्येक आवाज आणि त्याचे कारण लिहावे. कारण कळले नाही तर ‘कारण अज्ञात’ असे लिहावे. भूत लिहू नये. दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन कारण शोधावे. भयभेरव सुत्ताचा हा बालवर्ग होय.

चौथा पाठ मित्राचा. हा खेळ नाही. निवासी शाळेत आईवडील जवळ नसतात. जो मुलगा दोन दिवस नीट जेवत नाही, जी मुलगी एकाएकी अबोल होते, घरचा फोन आला तरी उठत नाही, तिच्यातील बदल प्रथम शेजारच्या गादीवरील मैत्रिणीस दिसू शकतो. तो दिसला की हसू नये, लपवू नये. जवळ बसून विचारावे आणि शिक्षकांस किंवा गृहपालांस सांगावे. बोळातील दाराची मूठ ओळखण्यापेक्षा ही दृष्टी कितीतरी मोलाची आहे.

पालकांस एवढेच सांगणे आहे. लहान मुलांच्या हाती भयाचे खेळ देऊ नयेत. झोपेपूर्वी तर मुळीच नकोत. मोठी मुले खेळत असतील तर त्यांच्याजवळ बसून काय बदलले, कसे ओळखले, हे विचारावे. मूल रात्री घाबरून उठले तर त्याची थट्टा करू नये आणि त्याच्या गळ्यात ताईतही बांधू नये. त्याचा हात धरून, बॅटरी घेऊन, जेथे भीती वाटली तेथे त्याच्यासह जावे आणि खुंटीवरचा सदरा त्यालाच खाली काढू द्यावा.

समारोप

ज्या काळात आपल्या पूर्वजांना अक्षर नाकारले गेले होते, त्या काळात भय हे त्यांना जखडून ठेवण्याचे एक मोठे साधन होते. देवाचे भय, भुताचे भय, विटाळाचे भय. त्या भयाकडे टक लावून पाहण्याचे धैर्य बाबासाहेबांनी आपल्याला दिले. आजची मुले मनोरंजनासाठी भयाच्या बोळात शिरतात, शिरोत. त्या बोळातून बाहेर येताना त्यांनी एक नियम सोबत आणावा. आहे ते पाहीन, नाही ते पाहणार नाही, आणि पाहिलेल्याचे कारण विचारीन. हा नियम रानातील ढगाळ रात्री, पावसाळ्यातील पहाटे आणि वसतिगृहातील शेजारच्या गादीशी उपयोगी पडला, तर या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी हे चार पाठ मुलांकडून करवून घ्यावेत, ही नम्र विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!